एक कॉईल तापत नाही, पण विचारायचं कुणाला?

पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरात पंधरा ते पंचवीस वयाचं पोरगं किंवा पोरगी आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

विषय ई-सिगारेटचा. पोरं तिला 'व्हेप' म्हणतात, काहीजण नुसतं 'पेन' म्हणतात. देशात २०१९ पासून तिच्यावर पूर्ण बंदी आहे. तरी आमच्या कळंब्यात गारगोटी रोडच्या बाजूला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक मित्र सांगतो की महिन्यातून दोन-चार वेळा तरी कुणीतरी पोरगं दुकान रिकामं व्हायची वाट बघत थांबतं आणि मग हळूच खिशातनं ते काढतं. "दादा, यातली एक कॉईल तापंना झाल्या. बघता काय?" मित्राचं उत्तर ठरलेलं: "भावा, हे आपलं काम न्हाई." पोरगं निघून जातं. (मित्राचं नाव लिहीत नाही, त्याला उगाच ताप नको.)

मी त्याला विचारलं, पोरगं जातं कुठं मग? तो म्हणाला, "घरी. यूट्यूब बघून स्वतः खोलतंय."

ही पोस्ट त्या 'स्वतः खोलतंय'बद्दल आहे. व्यसन वाईट, कॅन्सर होतो, आईबापाचा पैसा जातो, हे सगळं खरंच आहे आणि ते सांगणारे भरपूर आहेत. पण त्या पोराचा प्रश्न साधा होता: एक कॉईल का तापत नाही? त्या प्रश्नाचं खरं उत्तर त्याला अख्ख्या जिल्ह्यात कुणी दिलं नाही. म्हणून मी जरा माहिती काढली, उद्यमनगरात मोटर वाइंडिंग करणाऱ्या एका मामांच्या शेजारी बसून समजून घेतलं, आणि जे कळलं ते इथं देतोय.

आत असतं काय? एक लिथियम बॅटरी, आणि तिच्यावर ॲटमायझर नावाचा छोटा भाग. त्या भागात बारीक तारेचं वेटोळं, म्हणजे कॉईल, आणि तिच्यातून ओवलेला कापसाचा बोळा. कापूस एक गोड वासाचं पातळ औषध शोषतो, कॉईल तापली की त्याची वाफ होते. तार बऱ्याचदा नायक्रोम किंवा कँथलची, म्हणजे आपल्या इस्त्रीत आणि शेगडीत असते त्याच जातीची. थोडक्यात खिशात मावणारा हीटर. होन लिक नावाच्या चिनी औषधशास्त्रज्ञानं २००३ च्या सुमारास हा प्रकार आजच्या रूपात आणला, आणि आज जगातला बहुतेक माल चीनच्या शेनझेन शहरातून निघतो.

'ड्युअल कॉईल' म्हणजे अशी दोन वेटोळी शेजारी शेजारी, पॅरलल जोडलेली. वाफ जास्त निघावी म्हणून. मामांना हे सांगितलं तर ते हसलेच. "म्हंजे घरातले दोन बल्ब झाले की. एक उडला तरी दुसरा जळतोयच." अगदी बरोबर. आणि सगळी भानगड तिथंच आहे, कारण यंत्र बंद पडत नाही. अर्धं बिघडलेलं चालत राहतं.

आकड्यात बघा. समजा प्रत्येक कॉईल १ ओहमची आहे. दोन पॅरलल म्हणजे मिळून अर्धा ओहम. बॅटरी पूर्ण भरलेली असली की ४.२ व्होल्ट देते, म्हणजे करंट ८.४ अँपिअर आणि ताकद साधारण ३५ वॅट, प्रत्येक कॉईलला साडेसतरा. आता एक तार तुटली किंवा तिचा स्क्रू ढिला झाला. मल्टीमीटर लावला तर अर्ध्याच्या जागी १ ओहम दाखवेल. साध्या यंत्रात उरलेल्या कॉईलला तेवढंच मिळतं जेवढं आधी मिळत होतं, नुसती वाफ निम्म्यावर येते. पोरगं काय करतं? जास्त जोरात, जास्त वेळ ओढतं.

पण ज्या यंत्रात वॅट ठरवून द्यायची सोय असते तिथं गोष्ट वेगळी. त्याला पस्तीस वॅट सांगितलेत, ते पस्तीस वॅट द्यायला बघणार. दोघांत वाटायची ताकद एकट्या कॉईलवर येते. मामा म्हणाले, "थ्री-फेजचा एक फेज गेला की मोटर कशी भाजती, तसंच." (जाणकार म्हणतील तंतोतंत तसं नाही. नाहीच, पण मुद्दा कळायला पुरे.) तेवढी वाफ करायला कापूस पुरेसं औषध ओढू शकत नाही. कापूस कोरडा पडतो, मग करपतो. पोरं त्याला 'ड्राय हिट' म्हणतात. घशात एकदम जळका झटका बसतो.

उलटा दोषही असतो. एका कॉईलचे दोन वेढे एकमेकांना चिकटले, की तिचा ओहम कमी होतो, ती जास्त करंट खाते आणि एकटीच लालभडक होते. शेजारची काळीच. आणि वेढा थेट धातूच्या अंगाला टेकला तर सरळ शॉर्ट. चांगल्या यंत्रात अशा वेळी पुरवठा तोडणारं सर्किट असतं. स्वस्तातल्या यंत्रात ते असतं की नाही हे बघायला त्यावर छापलेल्या रंगीत फळांच्या चित्रांचा काही उपयोग नाही. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली की काय होतं हे पेटलेल्या ई-बाईकच्या व्हिडिओत आपण सगळ्यांनी बघितलंय.

आणि कधी कधी दोष कॉईलचा नसतोच. औषध खाली झिरपून मधल्या पिनेवर चिकट थर बसतो, संपर्क तुटतो, आकडा नाचत राहतो. कापूस घट्ट भरला तर औषध आत येत नाही, सैल भरला तर तोंडात थेंब येतात. गोडव्यासाठी घातलेलं द्रव्य कॉईलवर जळून काळी खरपुडी धरते, पुरणाच्या पातेल्याच्या बुडाला लागते तशी.

आता त्या जळक्या वासाबद्दल, कारण मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. या औषधात मुख्य दोन गोष्टी असतात, ग्लिसरीन आणि प्रॉपिलिन ग्लायकॉल. त्यात निकोटिन आणि वास. प्रमाणाबाहेर तापली की या दोन्ही गोष्टी मोडतात आणि त्यातून फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅक्रोलिनसारखे वायू तयार होतात. अ‍ॅक्रोलिन हे नाव अनोळखी वाटेल, पण त्याची ओळख आपल्या प्रत्येकीला आणि प्रत्येकाला आहे. भज्याच्या गाड्यावर कढईतलं तेल जळायला लागलं की डोळ्यांना आणि घशाला जी झोंब लागते, त्यात हेच असतं. तेलातही ग्लिसरीनच दडलेलं असतं. फरक एवढाच की कढईपासून आपण तोंड फिरवतो. हा पोरगा मात्र तोंड लावून छातीत भरून घेतो, आणि झटका बसला म्हणून यंत्र ठोकतो, फुंकर मारतो, पुन्हा ओढतो.

म्हणजे जे यंत्र धडधाकट असतानाही धोक्याचं, ते बिघडल्यावर वेगळ्याच प्रकारे धोक्याचं होतं. ही दुसरी गोष्ट आपल्याकडे कुणी बोलतच नाही.

का बोलत नाही? कारण कायद्याच्या लेखी ही वस्तू नाहीच. १८ सप्टेंबर २०१९ ला निर्मला सीतारामन यांनी पत्रकार परिषदेत वटहुकुमाची घोषणा केली, डिसेंबरमध्ये कायदा झाला. त्याआधी मे महिन्यात आयसीएमआरनं श्वेतपत्रिका काढून पूर्ण बंदीची शिफारस केली होती. बनवणं, आयात-निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, जाहिरात, साठवण, सगळं बंद. निकोटिन असो वा नसो. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केलं तर तीन वर्षांपर्यंत आणि पाच लाखांपर्यंत. साठा ठेवला तर सहा महिन्यांपर्यंत किंवा पन्नास हजारांपर्यंत.

माझं मत विचाराल तर बंदी बरोबर आहे. आंबा-स्ट्रॉबेरीच्या वासाचं निकोटिन कुणासाठी बनवतात हे कळायला पदवी लागत नाही. पण बंदी घालून आपण मोकळे झालो आणि मालाची वाट काही बंद झाली नाही. इन्स्टाग्रामवर मेसेज टाकायचा, पैसे पाठवायचे, कुरिअर घरी. आम्हा कळंबेकरांना तर उंच भिंतीचं फार कौतुक सांगायला नको. मध्यवर्ती कारागृह आमच्या गावात. त्याच्या भिंतीवरून गांजा आणि मोबाईल आत फेकल्याच्या बातम्या इतक्या वेळा छापून आल्यात की त्या आता आतल्या पानावर जातात. गुटखाबंदी २०१२ ची. तो कुठं मिळत नाही ते सांगा.

तर माल येतो. पण त्याच्याबरोबर जे यायला हवं ते येत नाही. पावती नाही, वॉरंटी नाही, आत काय आहे ते कुणी तपासलेलं नाही, बिघडला तर परत घ्यायला कुणी नाही. ज्यानं विकला त्याचं खातं पुढच्या महिन्यात गायब. ब्रिटनमध्ये ही वस्तू कायदेशीर आहे, तिथं औषधाची टाकी २ मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही, निकोटिन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर नाही, आणि यंत्रानं त्रास झाला तर सरकारी औषध नियामकाकडे कळवायची व्यवस्था आहे. एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर त्यांनीही १ जून २०२५ पासून बंदी घातली. आपण ब्रिटनसारखं करा असं मी म्हणत नाही. बिघाडाची नोंद होणं ही काय चीज असते ते दाखवतोय.

अमेरिकेचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात तिथं धडधाकट तरुण पोरं धाप लागून दवाखान्यात यायला लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दवाखान्यात पोचल्याची किंवा दगावल्याची नोंद झाली होती, त्यात मृत्यू ६८. कारण शोधलं तेव्हा बोट गेलं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटकडे, मुख्यतः चोरट्या बाजारातल्या गांजाच्या अर्काच्या मालात घातलेल्या. हे कळलं कसं? रुग्णांनी डॉक्टरांना सांगितलं की आम्ही हे हे ओढलं, आणि ती यंत्रं, ते औषध प्रयोगशाळेत गेलं. सांगितलं म्हणून कळलं.

आपल्याकडं पोरगं सांगेल? छातीत घरघर झाली, ओठ भाजला, तर ते आईला म्हणेल "चहा गरम होता". कारण त्याला वाटतं आपण पकडलो गेलो तर जेल. आणि इथं एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे, कारण शाळेतल्या व्याख्यानांत ती कुणी सांगत नाही. हा कायदा धंद्याच्या विरोधात आहे. नुसत्या ओढणाऱ्याला शिक्षा अशी तरतूद त्यात नाही. तेव्हा पोराला त्रास होत असेल तर दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना खरं सांगा. यंत्र बरोबर घेऊन जा. डॉक्टर पोलीस नाहीत.

'बिडी-सिगारेट उघड्यावर चालते आणि हेच तेवढं बंद?' हा प्रश्न मला हमखास येतो, म्हणून आधीच उत्तर देतो. प्रश्न रास्त आहे. आपला मुलूख तंबाखूचा आहे. इथनं चाळीसएक किलोमीटरवर निपाणी. तिथल्या तंबाखूच्या पैशावर कितीतरी घरं उभी राहिली, बिडी वळणाऱ्या बायकांचे हात त्यात झिजले, १९८१ च्या तंबाखू आंदोलनात शेतकऱ्यांनी गोळ्या खाल्ल्या. तेव्हा तंबाखूला नावं ठेवणारा मी बाहेरचा कुणी शहाणा नाही. बिडी फुफ्फुस जाळते, तिच्या बाजूनं बोलायला माझ्याकडं काही नाही. पण बिडी विझली तर विझली, ती खिशात पेट घेत नाही. पाकिटावर ८५ टक्के जागेत इशारा छापावा लागतो, शाळेपासून शंभर यार्डांत विकायची नाही असा नियम आहे, तो मोडला तर निदान बोट दाखवता येतं. इथं बोट दाखवायला समोर कुणी उभंच नाही.

आता कोल्हापूरकरांच्या स्वभावाबद्दल थोडं. आपल्याकडं यंत्र बिघडलं की फेकत नाहीत, खोलतात. बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेरा बघून इथंच स्वतःचा कॅमेरा उभा केला, त्या गावचे आपण. उद्यमनगरात ज्याचा पार्ट मिळत नाही तो लेथवर करून देणारी माणसं आहेत. हा गुण आपल्या पोरांच्या रक्तात आहे आणि तो वाईट नाही. पोरगं कॉईल खोलून बघतं यात मला त्याची हुशारी दिसते. फक्त त्याला कुणी सांगितलेलं नसतं की जुन्या इस्त्रीची तार इथं चालत नाही, दोन कॉईलचा ओहम सारखा नसेल तर एकीवरच भार येतो, बंद पडणाऱ्या सर्किटला तारेचा तुकडा लावून वळसा दिला की बॅटरीचं एकमेव संरक्षण गेलं. मित्राच्या दुकानात असं 'वळसा दिलेलं' एक यंत्र मी बघितलंय. बॅटरीचं पोट फुगलं होतं. पोरगं म्हणालं, "चालतंय की दादा." चालत होतं, खरंच.

म्हणून माझी मागणी साधी आहे. कळंबा रोडवर आपली शासकीय आयटीआय आहे. तिथं इलेक्ट्रिशियन शिकवणारी मास्तर मंडळी आहेत. पोलिसांनी पकडलेला माल शेवटी नष्टच होतो. न्यायालयाच्या परवानगीनं त्यातली चार यंत्रं बॅटरी काढून शिकवण्यासाठी ठेवा. कॉलेजात एक तास घ्या. टेबलावर यंत्र उघडा, मल्टीमीटर लावा, एक कॉईल तोडून दाखवा, आकडा दुप्पट झालेला दाखवा, करपलेला कापूस हातात द्या आणि वास घ्यायला सांगा. काळ्या फुफ्फुसाचं पोस्टर बघून आमची पोरं हसतात, ते मी मागच्या रांगेत बसून बघितलंय. करपलेल्या कापसाचा वास घेऊन हसणार नाहीत.

दुरुस्ती शिकवा असं मी म्हणत नाही, गैरसमज नको. बिघडलेल्या ड्युअल कॉईलची माझ्या मते एकच दुरुस्ती आहे: ओढणं थांबवायचं. जळका झटका बसला, एकदम वाफ कमी झाली, अंग गरम लागायला लागलं, बॅटरी फुगली, यातलं काहीही झालं तरी ते यंत्र संपलं असं समजायचं. सोडायचं असेल आणि जमत नसेल तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत नंबर आहे. निकोटिनची सवय ही तीच सवय आहे, लाजायचं कारण नाही. आणि विकणाऱ्याची तक्रार करायची असेल तर केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं त्यासाठी पोर्टल काढलंय.

राहिला प्रश्न त्या मेलेल्या यंत्राचं करायचं काय. बॅटरी कचऱ्याचे २०२२ चे नियम म्हणतात की वापरलेली बॅटरी परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्याची आणि आयात करणाऱ्याची. पण इथं बनवणारा कागदावर नाही, आयात करणारा चोर. मग ती येते आपल्या घंटागाडीत. फुगलेली लिथियम बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात दाबली गेली की काय होऊ शकतं, आणि ती दाबणाऱ्या माणसाच्या हातात मोजासुद्धा नसतो, हे रोज सकाळी दारात दिसतं. तोवर एवढं तरी करा: बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा, कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडं वेगळी द्या. फुगलेली असेल तर टोचू नका, उघडू नका.

पुढच्या ग्रामसभेला मी लेखी अर्ज देतोय. ग्रामपंचायतीच्या दारात जुन्या बॅटऱ्यांसाठी झाकणाचा एक पत्र्याचा डबा, खाली वाळूचा थर, आणि 'कुणाची, कुठली' असं काहीही न विचारता त्यात टाकायची मुभा. मोबाईलच्या, खेळण्यांच्या, सगळ्याच बॅटऱ्या त्यात जातील, त्यामुळं कुणावर शिक्का बसायचं कारण नाही. गावातल्या ज्यांना अर्जावर सही करायची आहे त्यांनी ग्रामसभेच्या आधी मला गाठा. अर्ज तयार आहे.